रिकामे कंटेनर, भरलेली बेटं

पॅकेजिंगच्या धंद्यातल्या मंडळींचा एक ठरलेला युक्तिवाद आहे. छोट्या बेटांवर साचणाऱ्या प्लास्टिकचा विषय निघाला की तो हमखास पुढे येतो. बेटांवर फारसं काही पिकत नाही, म्हणून खाणंपिणं बाहेरून येतं. ते दिवसचे दिवस बोटीवर असतं, खारी दमट हवा त्याला लागते. प्लास्टिकचं वेष्टन नसेल तर तांदळाला कीड लागेल, दुधाच्या भुकटीचे गोळे होतील, बिस्किटं सादळतील. तेव्हा बेटांना प्लास्टिकमध्ये बांधलेला माल पुरवणारा त्यांची सोयच करत असतो. रिकाम्या पिशवीचं आणि बाटलीचं पुढे काय करायचं, ते जो ती फोडतो त्याने बघावं.

यातला पहिला भाग खरा आहे. पर्यावरणाच्या बाजूने बोलणारे काहीजण तेवढंही मान्य करत नाहीत आणि तिथेच वाद हरतात. माल टिकायला वेष्टन लागतं, हे कबूल. पण माल बंदरात उतरला की वेष्टन पाठवणाऱ्याची जबाबदारी संपते, हे त्यावरून कुठे सिद्ध होतं? बाहेरचा माल नाकारण्याची ऐपत बेटाकडे नाही, हे कारण तर पाठवणाऱ्याची जबाबदारी वाढवणारं आहे.

मी मालदीवचं उदाहरण घेतो, कारण तिथला बराच माल आपण पाठवतो. १९८१ च्या द्विपक्षीय व्यापार करारानुसार भारत मालदीवसाठी जीवनावश्यक वस्तूंचा कोटा ठरवतो. २०२४-२५ च्या कोट्यात १,२४,२१८ टन तांदूळ, ३५,७४९ टन कांदा आणि ४२ कोटी ७५ लाख अंडी होती. एप्रिल २०२४ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा देशात कांद्यावर निर्यातबंदी होती आणि नाशिककडचा शेतकरी त्यावरून संतापलेला होता, हे वाचकांना आठवत असेल. मालदीवची लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार. २०२४ मध्ये तिथे गेलेले पर्यटक २० लाखांहून जास्त. जमीन म्हणाल तर जवळजवळ १२०० प्रवाळ बेटं, त्यातली बहुतेक निर्जन आणि काही इतकी अरुंद की या किनाऱ्यावर उभं राहिलं तर तो किनारा दिसावा.

तांदळाच्या गोणीवर किंवा अंड्यांच्या ट्रेवर माझा आक्षेप नाही. दुधाच्या भुकटीच्या पाकिटावरही नाही. त्या वेष्टनाला काम असतं आणि ते काम ते करतं. पण सोयीच्या नावाखाली बेटांकडे जाणाऱ्या अशाच बोटींतून थर्माकोलचे डबे, प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, एकेका घासाची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्याही येतात. दुधाच्या भुकटीला पुढे करून थर्माकोलच्या डब्याची वकिली करायची, ही या युक्तिवादाची खरी हातचलाखी.

पाण्याच्या बाटलीकडे जरा थांबून बघू. मालेच्या नळाला येणारं पाणी समुद्राचंच असतं, गोडं केलेलं. ४ डिसेंबर २०१४ ला ते गोडं करणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि राजधानीतल्या सुमारे एक लाख लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने तातडीने विमानांतून पाण्याच्या बाटल्या पाठवल्या. बाटलीच्या बाजूने याहून चांगला पुरावा कुणाला सापडणार नाही. त्या पहिल्या दिवसांत ती बाटली हवीच होती, आणि ती पाठवली याचा भारतीय म्हणून अभिमानच वाटतो. पण त्याच मोहिमेचा उत्तरार्ध फार कुणी सांगत नाही. नौदलाचं ‘सुकन्या’ मालेला गेलं ते समुद्राचं पाणी जहाजावरच गोडं करणारी यंत्रं घेऊन. ‘दीपक’ गेलं ते पाण्याचा मोठा साठा घेऊन. म्हणजे संकटातसुद्धा बाटली पहिल्या काही दिवसांची, त्यानंतर यंत्र आणि टाकी.

मार्च २०२४ मध्ये चीनने तिबेटमधल्या हिमनद्यांचं १५०० टन पॅक केलेलं पाणी मालदीवला भेट दिलं. हिमालयाच्या माथ्यावरचं पाणी विषुववृत्ताजवळच्या बेटावर! देणाऱ्याला कौतुक मिळालं, बातम्या झाल्या, पाणी पिऊन संपलं आणि वेष्टन तिथेच राहिलं. दोन मोठे शेजारी एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी दान करतात तेव्हा दानाच्या खोक्याचं काय होतं, हे विचारणं शिष्टाचाराला धरून मानलं जात नाही. मला विचारावंसं वाटतं.

कारण दुसरा मार्ग आपल्याच घरात आहे. मालदीवच्या उत्तरेला आपलं लक्षद्वीप आहे. तिथे कवरत्ती बेटावर चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये एक प्रकल्प उभारला. समुद्राच्या पृष्ठभागावरचं कोमट पाणी आणि खोलवरचं थंड पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर तो चालतो आणि रोज सुमारे एक लाख लिटर गोडं पाणी देतो. पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले. शेजारच्या बेटांना मदतच करायची तर ती या जातीची करता येते. तिला झाकण नसतं.

आता पुढचा आक्षेप. ‘मागणी त्यांचीच आहे, आम्ही फक्त पुरवठा करतो.’ पाच लाखांच्या बाजारपेठेला मागणीचा अधिकार किती असतो, हे ज्याने कधी घाऊक माल मागवला आहे त्याला विचारावं. मालेतल्या आयातदाराने उद्या एखाद्या कंपनीला कळवलं की आमच्यासाठी बिस्किटाचा पुडा वेगळा बांधा, तर कंपनी त्याचं पत्र बाजूला ठेवेल. मशीन लाखोंच्या गठ्ठ्यावर चालतं. ते तमिळनाडूसाठी किंवा आखातासाठी लावलेलं असतं आणि बेटाला त्यातलाच माल मिळतो. वेष्टन कसं असावं हे ठरताना बेटवासी कुठल्याच खोलीत हजर नसतो. मग मागणी त्याची कशी?

ज्या गोष्टीवर त्याचा अधिकार चालतो तिथे त्याने तो वापरला आहे. जून २०२२ पासून मालदीवने प्लास्टिकच्या स्ट्रॉ, ताटल्या, चमचे, थर्माकोलचे डबे अशा वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली. त्या यादीत सुपारीच्या प्लास्टिक पुड्याही आहेत. सुपारी हे तिथलं नित्याचं व्यसन, तरीही. पॅसिफिकमधल्या वानुआतूने १ जुलै २०१८ पासून पातळ पिशव्या, स्ट्रॉ आणि थर्माकोलच्या डब्यांना मनाई केली. लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास. पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबं राहत असलेल्या मॉरिशसने २०१६ मध्ये पिशव्यांपासून सुरुवात करून २०२१ मध्ये यादी वाढवली. ‘त्यांनाच हवं आहे’ म्हणणाऱ्यांनी हे कायदे कुणी केले ते सांगावं.

काचेचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. काच जड. ती समुद्रातून न्यायला जास्त इंधन लागतं, म्हणून प्लास्टिक पर्यावरणाला बरं, असं हिशेब मांडून दाखवतात. एकदा वापरून फेकायच्या काचेबद्दल हा हिशेब बरोबरही असू शकतो. पण बाटली बाहेरूनच भरून आली पाहिजे, असं त्यात आधीच धरलेलं असतं. मालदीवमध्ये थुलूसधू बेटावर कोका-कोलाचा कारखाना आहे आणि तिथे शीतपेय बनतं ते समुद्राचं पाणी गोडं करून. पाणी तिथलं, कारखाना तिथला. मग रिकाम्या काचेच्या बाटलीला फक्त एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं असतं, आणि माल पोचवणारी बोट परतणारच असते. तिथल्याच सोनेवा या रिसॉर्ट कंपनीने २००८ मध्ये बाहेरचं बाटलीबंद पाणी बंद करून स्वतःचं पाणी काचेच्या बाटल्यांत भरायला सुरुवात केली. श्रीमंत पाहुण्यांना परवडतं ते गरीब बेटाला कसं परवडेल, असं कुणी म्हणेल. मी उलट म्हणतो. जिथे एका रात्रीचं भाडं सामान्य माणसाच्या पगाराएवढं असतं, तिथे प्लास्टिकची बाटली नाइलाज नसते, सवय असते.

या हिशेबात आणखी एक गोम असते. वापरानंतर बाटलीचं काय होतं, याचे आकडे बहुधा पाठवणाऱ्या देशांतले धरलेले असतात, जिथे कचरा गोळा करणारी गाडी येते. बेटावर ती गाडी होडी असते.

विघटनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लास्टिकबद्दल फार बोलत नाही. मक्यापासून बनवलेला कप कुजायला साठ अंशांच्या आसपास तापमान सतत राखणारा औद्योगिक खतकारखाना लागतो. तो नसलेल्या बेटावर असा कप पाठवणं म्हणजे जुनाच कचरा हिरव्या रंगात पाठवणं.

आता मुख्य मुद्दा. ‘कचऱ्याचं व्यवस्थापन हे त्यांच्या सरकारचं काम.’ मालेजवळ थिलाफुशी नावाचं बेट आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या उथळ पाण्यात कचऱ्याची भर घालून ते बेट तयार केलं गेलं. राजधानीचा आणि रिसॉर्टांचा कचरा तिथे जायचा आणि २०२१ पर्यंत उघड्यावर जाळला जायचा. सुट्टीच्या जाहिरातीतलं निळं पाणी आणि त्या धुराचा लोट यांच्यात थोडक्या किलोमीटरांचं अंतर होतं. याला निष्काळजी सरकार म्हणणं सोपं आहे. पण पुनर्चक्रीकरणाचा कारखाना चालायला रोज ठरावीक टन एकाच जातीचा माल लागतो आणि पाच लाख लोक तेवढा निर्माण करत नाहीत. खड्डा खणावा तर हातभर खाली समुद्र. मॉरिशसमध्ये निदान डोंगर आहेत, पण तिथेही १९९७ मध्ये सुरू झालेली मार शिकोझची जागा हीच काय ती साऱ्या बेटाची कचरा पुरण्याची जागा. या अडचणी भूगोलाच्या आहेत. कितीही कार्यक्षम मंत्री आणून बसवला तरी बेट मोठं होत नाही.

म्हणजे कचरा बाहेर गेला पाहिजे, आणि तो नेण्याचं साधन बंदरात उभंच असतं. बेटाची आयात प्रचंड आणि निर्यात नगण्य. मालदीवकडे बाहेर पाठवायला माशांखेरीज जवळजवळ काही नाही. तांदूळ, कांदा, पेयं घेऊन गेलेले कंटेनर परत येताना बहुतांशी रिकामे असतात. जहाज मात्र परततंच, इंधन जळतंच. त्या रिकाम्या पेटीत दाबून बांधलेल्या बाटल्यांचे गठ्ठे चढवायला जे मुद्दाम पडतं ते हमाली, कागदपत्रं आणि थोडं जादा इंधन.

ही कल्पना माझी नाही आणि नुसती कल्पनाही नाही. २०१८ मध्ये पॅसिफिकच्या प्रादेशिक पर्यावरण संस्थेने एका जहाज कंपनीशी ‘मोआना ताका’ नावाचा करार केला. कंपनी म्हणजे स्वायर शिपिंग ही सेवा चालवणारी चायना नॅव्हिगेशन. बेटांवरून रिकामे परतणारे कंटेनर पुनर्चक्रीकरणाच्या कचऱ्यासाठी फुकट द्यायचे आणि तो जिथे त्यावर प्रक्रिया होऊ शकते अशा बंदरांत पोचवायचा, असं त्यात ठरलं. जहाज कंपनीला जे जमलं, ते माल पाठवणाऱ्या कंपन्यांना का जमू नये? जहाजवाल्याचा त्या बाटलीशी संबंध फक्त वाहतुकीचा. बाटलीवर नाव दुसऱ्याचं असतं.

बाटल्या गोळा कोण करणार, ही शंका किरिबातीने निकालात काढली आहे. मध्य पॅसिफिकमधला सव्वा लाखाच्या आतबाहेर वस्तीचा हा देश. तिथे २००४-०५ च्या सुमारास अनामत रकमेची पद्धत सुरू झाली. पेयाच्या प्रत्येक डब्यावर आणि बाटलीवर आयातीच्या वेळीच पाच सेंट वसूल होतात. रिकामी परत आणून देणाऱ्याला चार सेंट मिळतात, उरलेल्या सेंटात व्यवस्था चालते. पलाऊने २०११ पासून दहा सेंटांची पद्धत लावली, त्यातले पाच परत मिळतात. ज्या वस्तूला किंमत असते ती वाळूत पडून राहत नाही. पोरंटोरंही वेचून आणतात. जगातले जवळजवळ सगळ्यात छोटे देश हे चालवू शकतात.

यात परकं काय आहे? शीतपेय काचेच्या बाटलीत मिळायचं तेव्हा रिकामा क्रेट दिल्याशिवाय भरलेला क्रेट दुकानात उतरत नसे. बाटली फुटली तर दुकानदार गिऱ्हाइकाकडून पैसे कापून घ्यायचा. परत नेणं कंपन्यांना पूर्ण येत होतं. प्लास्टिक आलं तेव्हा परत नेण्याचा खर्च त्यांच्या वहीतून पुसला गेला आणि गावाच्या, आता बेटाच्या, वहीत चढला. पंगत आपल्या मांडवात आणि उष्ट्या पत्रावळी शेजाऱ्याच्या परसात, असला हा व्यवहार आहे.

एक प्रतिवाद मात्र पुरता खरा आहे आणि तो दडपून चालणार नाही. दूरच्या बेटांच्या किनाऱ्यावर येऊन पडणाऱ्या कचऱ्यात वजनाने मोठा वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा आणि दोरांचा असतो. सेशेल्समधल्या अल्दाब्रा या प्रवाळबेटावर संशोधकांनी ५१३ टन प्लास्टिक शिल्लक असल्याचा अंदाज काढला. त्यातलं सुमारे ८३ टक्के वजन मासेमारीच्या सामानाचं होतं. दक्षिण अटलांटिकमधल्या निर्मनुष्य ‘इनॅक्सेसिबल’ बेटावरच्या बाटल्या तपासल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याच आशियात बनलेल्या आणि जहाजांवरून फेकलेल्या असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा जाळी टाकणाऱ्यांना आणि जहाजांनाही जाब विचारला पाहिजे. पण ही गोष्ट लाटांनी आणलेल्या कचऱ्याची झाली. मी बोलतोय तो बिलावर सही करून, जकात भरून, राजरोस बंदरातून आत आलेल्या कचऱ्याबद्दल. पहिल्याचा मालक शोधावा लागतो. दुसऱ्याचं नाव लेबलवर छापलेलं असतं.

आता आपल्याकडे वळू, कारण बाहेरच्यांना शहाणपण सांगताना आपला कायदा काय म्हणतो तेही पाहायला हवं. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, चमचे, कप, डबे, स्ट्रॉ बंद. त्याच अधिसूचनेत विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या आणि निर्यातप्रधान कारखान्यांना, माल केवळ निर्यातीसाठी असेल तर, सूट दिली. केंद्राच्या २०१६ च्या नियमांतही निर्यातीच्या ऑर्डरवर काम करणाऱ्या अशा कारखान्यांना वगळलं होतं. जी वस्तू दादरच्या नाल्यात नको, ती दुसऱ्याच्या समुद्रात चालेल, एवढाच याचा अर्थ होतो. त्या देशाने बंदी घातली असेल तर माल तिथे अडेल, असं सांगितलं जातं. पण ज्याने अजून घातली नाही, किंवा ज्याच्याकडे बंदरात खोकी उघडून बघायला पुरेशी माणसं नाहीत, त्याच्याकडे तो जाणारच.

त्याच अधिसूचनेनुसार पाण्याच्या बाटल्यांवर परत खरेदीची किंमत छापायची होती. एक लिटर आणि त्यावरच्या बाटलीला एक रुपया, अर्धा लिटर ते एक लिटरला दोन रुपये. तुम्ही रिकामी बाटली देऊन दोन रुपये शेवटचे कधी परत घेतले? किरिबातीत ही पद्धत वीस वर्षं टिकली. इथे ती कागदावरून खाली उतरली नाही.

आणखी एक विसंगती आहे. २०१९ मध्ये भारताने प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीवर बंदी घातली, विशेष आर्थिक क्षेत्रांसह. श्रीमंत देशांची घाण आपल्या दारात नको, हे योग्यच होतं. पण त्यामुळे आपण भरून पाठवलेली बाटली उद्या कुणी प्रामाणिकपणे परत आणायची म्हटली तरी आपलाच कायदा आडवा येतो. बाहेर जाताना सूट आणि परत येताना मज्जाव! आपलं वेष्टन परत घेणं आणि परक्यांचा उकिरडा होणं यांत फरक करता येतो. धुतलेल्या, एकाच जातीच्या, प्रक्रियेसाठी निघालेल्या प्लास्टिकला बाझल करारातल्या २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनीही वेगळं ठेवलं आहे.

प्लास्टिकबाबतच्या जागतिक कराराची बोलणी २०२४ च्या अखेरीस बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला तोडग्याविना संपली. उत्पादनावर मर्यादा घालावी, हा बेटांचा आग्रह. त्याला विरोध करणाऱ्यांत भारतही होता. विकसनशील देशाच्या उद्योगाला बेड्या नकोत, ही भूमिका समजू शकते. पण मग निदान परत नेण्याची तयारी दाखवायला हवी होती. दोन्हींना नकार देणाऱ्याने ‘आम्ही बेटांची सोय करतो’ हे वाक्य उच्चारू नये.

निर्यातदाराने बेटावर पाठवलेल्या प्रत्येक बाटलीमागे अनामत आयातदाराकडे जमा करावी, परतीच्या कंटेनरातली जागा द्यावी, आणि ज्या वेष्टनाला परतीची वाट नाही ते पाठवू नये. यातलं बरंचसं दिल्लीच्या हातात आहे. महाराष्ट्राच्या अधिसूचनेतली निर्यातीची सूट मात्र मुंबईतच लिहिली गेली आहे, आणि ती काढायला मंत्रालयाला कुठल्याही जागतिक कराराची वाट पाहावी लागत नाही.